ज्ञानचौपडीचे मूळ गाव

सापशिडी कधीच खेळला नाही असा मनुष्य खानदेशात काय, अवघ्या महाराष्ट्रात मिळणे कठीण. शंभर घरे, काही साप, काही शिड्या आणि एक फासा. यापलीकडे त्या पुठ्ठ्यावर काही नसते. एखाद्या घरात सापाने का गिळावे आणि दुसऱ्या घरात शिडी का मिळावी, याचे उत्तर तो पुठ्ठा देत नाही. परंतु या खेळाचा पूर्वज असलेल्या जुन्या पटावर प्रत्येक घराला नाव असे. साप कोणत्या दोषाचा आणि शिडी कोणत्या गुणाची, हे तेथे स्पष्ट अक्षरांत लिहिलेले असे. राजस्थान, गुजरात व उत्तर हिंदुस्थानात या पटाला ज्ञानचौपड किंवा ज्ञानबाजी म्हणत, महाराष्ट्रात मोक्षपट, तर दक्षिणेत परमपदसोपान.

नावात चौपड असली तरी चौपडीशी याचा संबंध थोडाच. चौपड किंवा आपला सारीपाट हा चार बाहूंचा, दोन पक्षांत हारजीत करविणारा खेळ. ज्ञानचौपडीत प्रतिपक्ष नाही. प्रत्येक खेळाडू आपापल्या सोंगटीचा जमाखर्च स्वतः पाहतो. कवड्या किंवा फासे टाकायचे, पडेल त्या दानाइतकी घरे पुढे जायचे आणि ज्या घरात सोंगटी थांबेल त्याचे नाव मोठ्याने वाचायचे. लेकरांना आणि अक्षरओळख बेताची असलेल्या थोरांनाही अशा रीतीने धर्माची परिभाषा तोंडपाठ होई. पर्युषणाच्या दिवसांत जैन कुटुंबांत हा पट खेळला जाई, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

जैन पटाची घरे ८४. नऊ रांगा, प्रत्येक रांगेत नऊ घरे, आणि चौकटीबाहेर काढलेली तीन. खाली नरकगतीची घरे, त्यावर तिर्यंच व मनुष्य, पुढे देवलोक आणि अगदी माथ्यावर मंडपासारखी आकृती, ते मोक्षाचे स्थान. बाहेर निघालेली घरे आणि माथ्यावरची आकृती यांमुळे काही पट दुरून पाहिले असता उभ्या मनुष्यासारखे भासतात. लोकपुरुषाचे चित्र ज्यांनी उपाश्रयात पाहिले आहे, त्यांना हे साम्य सांगावे लागत नाही. वैष्णव पटाची घरे बहुधा ७२ असून त्यात वैकुंठ वरच्या रांगेच्या मध्यभागी येते. १२४ घरांचेही पट आहेत. सूफी परंपरेतील पटावर शंभर किंवा एकशे एक घरे असून लेखन अरबी-फारसी लिपीत आहे. एकच खेळ, आणि चार घरांत चार देव्हारे!

साहजिकच प्रश्न उभा राहतो की, हा पट मुळात कोणाचा?

महाराष्ट्रात याचे उत्तर ठरलेले आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी भावंडांच्या, लहान मुलांच्या बोधासाठी मोक्षपट तयार केला, असे कीर्तनांतून, लेखांतून आणि अलीकडे परदेशी पुस्तकांतूनही सांगितले जाते. खानदेशाला हे उत्तर विशेष जिव्हाळ्याचे आहे. कारण त्या चार भावंडांतील धाकटी मुक्ताबाई शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, तापीकाठच्या मेहूण येथे विजेच्या लोळात अंतर्धान पावली, अशी वारकरी परंपरा आहे. पूर्वीच्या एदलाबादला आज मुक्ताईनगर म्हणतात, ते तिच्याच नावाने. कोथळीच्या जुन्या मंदिरातून निघणारी मुक्ताईची पालखी पंढरीला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या पालख्यांपैकी एक. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गावही त्याच कथेतले. ज्या भूमीत ही भावंडे आजही घरातली मानली जातात, तेथे त्यांनी हाताने आखलेला पट खेळल्याची कल्पना मनाला गोड वाटते, यात नवल नाही.

परंतु गोड वाटणे निराळे आणि खतावणीत नोंद सापडणे निराळे. ज्ञानेश्वरांचा काळ १२७५ ते १२९६ असा मानतात. त्या काळचा एकही पट आज कोणापाशी नाही. आज हाती असलेले निश्चित काळाचे पट अठराव्या शतकापलीकडे सहसा जात नाहीत. मधली चारशे-साडेचारशे वर्षे रिकामी आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने आईन-इ-अकबरीत अकबराच्या दरबारातील खेळांची माहिती दिली आहे. चौपड, चंडाळमंडळ, गंजिफा यांचे वर्णन त्याने तपशिलाने केले. सापशिडीसारखा खेळ त्यात येत नाही. अर्थात दरबारात नसलेली वस्तू घराघरांतही नव्हती असे म्हणता येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मग ज्ञानेश्वरांचे नाव या पटाशी जुळले कसे? याचे उत्तर बहुधा शब्दांतच दडलेले आहे. खेळाचे नाव ज्ञानचौपड. ज्ञान म्हटले की मराठी मनापुढे ज्ञानदेवच उभे राहतात. भावंडांची नावे पाहावी: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. निवृत्ती म्हणजे संसारातून परत फिरणे, सोपान म्हणजे जिना, आणि मुक्ती तर पटाचे शेवटचे घर! दक्षिणेतील पटाच्या नावात सोपान हा शब्द आहेच. चौघांची नावे ओळीने उच्चारली तर एखाद्या पटावरची चार घरे वाचल्यासारखे वाटते. लोककथेला इतका आधार पुष्कळ होतो. अशा जोडणीत कोणाचा कपटाचा हेतू असतो असे नाही. प्रिय वस्तूला प्रिय माणसाचे नाव देण्याची समाजाची ती जुनी रीत आहे. तिबेटातही असेच घडले. मृत्यूनंतरच्या गती दाखविणारा तेथील पट शाक्य पंडित या विद्वान आचार्याने रचला, अशी तिकडील परंपरा सांगते. त्याचा काळ ११८२ ते १२५१, म्हणजे योगायोगाने ज्ञानेश्वरांच्या थोडासा आधीचा. तिबेटी पटावर साप नाहीत, शिड्याही नाहीत. कोणत्या दानाने कोणत्या घरी जायचे, ते प्रत्येक घरातच लिहिलेले असते.

आता जैनांच्या दाव्याकडे वळावे. समाजाच्या व्याख्यानांतून हा खेळ जैन साधूंनी शोधून काढला, असे ठामपणे सांगितले जाते. या म्हणण्याला आधार नाही असे नव्हे. ८४ या संख्येने चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींचे स्मरण होते, हा त्यातला दुबळा आधार. कारण चौऱ्यांशी लक्ष योनी वैष्णवही मानतात. त्याहून बळकट आधार कर्मसिद्धांताचा आहे. चौदा गुणस्थानांत अकरावे उपशांतमोह. तेथे मोहनीय कर्म दाबलेले असते, नष्ट झालेले नसते. अंतर्मुहूर्तात ते उसळून येते आणि इतक्या उंचीवर पोहोचलेला जीव घसरतो, कित्येकदा थेट मिथ्यात्वाच्या पहिल्या पायरीपर्यंत. उलट क्षपकश्रेणीने चढणारा जीव दहाव्या गुणस्थानावरून अकरावे टाळून एकदम बाराव्यावर जातो आणि पुन्हा पडत नाही. शिखराजवळचा मोठा साप आणि त्याला चुकवून जाणारी शिडी, ही दोन्ही चित्रे शास्त्रातच तयार आहेत. ज्या परंपरेने आत्म्याच्या चढउताराच्या पायऱ्या अशा मोजून ठेवल्या, तिला तो हिशेब चौकटीत आखण्याची बुद्धी प्रथम व्हावी, हे अगदी संभवनीय आहे.

संभवनीय आहे, सिद्ध नाही. आज उपलब्ध पटांत जैन पट बरेच आढळतात, हेही पुरावा म्हणून पुढे केले जाते. येथे मोठी चूक होण्याचा धोका आहे. जैन समाज लिहिलेला कागद टाकून देत नाही. ज्ञानभांडारे, पोथ्यांच्या पेट्या, बासने, आणि पेढीवरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे चोपडे, सारे जपून ठेवण्याची शिस्त या समाजात आहे. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, ग्रंथ बाहेर काढून झाडूनपुसून त्यांची पूजा होते. ज्याने जपले त्याच्याकडे सापडले. दुसऱ्याच्या घरी पट नव्हताच असा अर्थ त्यातून निघत नाही, फार तर तो उरला नाही, इतकाच निघतो.

या विषयाचा शिस्तीने अभ्यास झाला तो गेल्या चाळीस वर्षांत. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातील अँड्र्यू टॉप्सफिल्ड यांनी १९८५ मध्ये भारतीय सापशिडीवर सविस्तर निबंध लिहिला आणि २००६ मध्ये नव्याने सापडलेल्या पटांची माहिती देणारा दुसरा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी निरनिराळ्या संग्रहांतील पट एकत्र मांडून घरांची संख्या, नावे, भाषा आणि सापांच्या जागा ताडून पाहिल्या. पुढे डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील पश्चिम हिंदुस्थानच्या ज्ञानचौपडीवरच आहे. आपल्या घरातल्या वस्तूसाठी परक्या देशातील माणसाने इतके कष्ट घ्यावेत, याचे कौतुक वाटते आणि थोडी खंतही.

युरोपात गेलेल्या पटांपैकी दोन येथे सांगण्याजोगे आहेत. रिचर्ड जॉन्सन हा कंपनीचा अधिकारी १७८० ते १७८२ या काळात लखनौस होता. त्याच्या चित्रसंग्रहातील परमपदाचा एक पट आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दुसरा वैष्णव पट मेजर हेन्री डंडस रॉबर्टसन याने १८३१ मध्ये तेथील रॉयल एशियाटिक सोसायटीला दिला. पुढे १८९२ च्या सुमारास एफ. एच. आयर्स याच्या नावाने इंग्लंडात हा खेळ बाजारात आला. आरंभी त्यावर तिकडचे सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले असत. हळूहळू ती नावे गळाली, घरे शंभर झाली, आणि छापील पुठ्ठा होऊन तोच खेळ हिंदुस्थानात परत आला. घरातून गेलेला मुलगा नाव बदलून परत यावा तसा!

नावे आणि संख्या यांच्याइतकीच साक्ष वस्तू स्वतः देते, आणि खानदेशासारख्या कापसाच्या मुलुखात ही साक्ष वाचता येणे अवघड नसावे. पट कापडावर असेल तर प्रथम सूत पाहावे. हातसुताचा धागा कोठे जाड, कोठे बारीक असतो आणि हातमागाचा पन्हा अरुंद, म्हणून मोठ्या पटाला मध्ये जोड द्यावा लागे. सरळ, एकसारखे सूत आणि रुंद पन्हा दिसला की तो गिरणीचा मांजरपाट समजावा. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि जळगावची खानदेश स्पिनिंग अँड विव्हिंग मिल १८७० च्या दशकात उभी राहिली. त्याआधी विलायती गिरण्यांचे कापड येत होतेच, त्यामुळे गिरणीच्या सुतावरून वर्ष नेमके निघत नाही. पण फार मागे जाण्याचा मोह तरी आवरतो.

रंगाचे गणित याहून पक्के आहे. जुना रंगारी नीळ, हिंगूळ, हरताळ, काजळ आणि आलाच्या मुळांचा तांबडा एवढ्यांवर काम भागवीत असे. (चुकलेले अक्षर पोथीत हरताळाने झाकीत; हरताळ फासणे हा वाक्प्रचार तेथूनच आला.) १८५६ मध्ये पर्किनने जांभळा कृत्रिम रंग शोधला, १८६९ मध्ये कृत्रिम अलिझरीन तयार झाले आणि १८९७ पासून कारखान्यातील नीळ विकली जाऊ लागली. एखाद्या पटावरील सापाचे अंग कृत्रिम जांभळ्या रंगाचे निघाले, तर तो पट पेशवाईतला म्हणून कितीही खात्रीने सांगितला तरी १८५६ च्या आधीचा असू शकत नाही. खानदेशात फैजपूर हे रंगाऱ्यांचे आणि छपाईचे मोठे ठिकाण होते. तेथील निळा व तांबडा रंग नावाजलेला. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी गावातीलच बांबू-लाकूड वापरून नगरी सजविली. परंतु तोपर्यंत फैजपुरी रंगाचा जुना थाट ओसरला होता. कागदाचेही असेच. एरंडोल आणि यावल येथे हाती कागद होत असे, खरबरीत पण टिकाऊ. पेढीचे चोपडे अशाच हातकागदावर लिहिले जात. पट त्यावर आखलेला असेल तर निदान कागद येथला, एवढे म्हणता येईल.

तथापि कागद येथला म्हणून पट येथला ठरत नाही, आणि येथे सापडला म्हणून तर मुळीच नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली, आणि मारवाड-गुजरातेतून आधीपासून येत असलेल्या कुटुंबांचा ओघ वाढला. मालेगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, जळगाव अशा बाजारपेठांत पेढ्या उभ्या राहिल्या. या कुटुंबांनी बरोबर काय आणले याची यादी कोणी केली नाही. पोथ्या आल्या, देव्हाऱ्यातल्या धातुप्रतिमा आल्या, तशी एखादी ज्ञानचौपडही आली असेल. किंवा येथे आल्यावर येथल्या चिताऱ्याकडून जुन्या पटाची नक्कल करून घेतली असेल. खेळून खेळून पट झिजतो, घडीवर फाटतो, मग नवा करवून घ्यावा लागतो. नक्कल करणारा जुन्या चुका जशाच्या तशा उतरवतो आणि आपल्या चार नव्या घालतो. मारवाडी शब्दाला मराठी प्रत्यय लागलेला दिसला तर तो पट दोन मुलुखांच्या सरहद्दीवर लिहिला गेला असे समजावे. म्हणून वस्तूचे वय आणि खेळाचे वय ही दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. पैठणी चित्रांचे उदाहरण बोलके आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील रामायण-महाभारताची ती जोरकस चित्रे पैठणहून मिळाली म्हणून पैठणची ठरली. पुढे अभ्यासकांना त्यांचे नाते कोकणातील पिंगुळीच्या चित्रकथीशी आणि दक्षिणेकडील चामड्याच्या बाहुल्यांशी जुळताना दिसले. सापडल्याचे गाव आणि जन्मगाव एकच, हे गृहीत धरल्याचा तो परिणाम.

धुळ्याला या बाबतीत एक मोठा वारसा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या कागदपत्रांसाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. शंकरराव देवांनी जमविलेली रामदासी हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. अस्सल कागदावाचून इतिहास नाही, हा राजवाड्यांचा हट्ट होता, आणि तो मोठमोठ्या घराण्यांच्या अभिमानाला अनेकदा बोचला. ज्ञानचौपडीला तीच कसोटी लावली तर आजच्या घटकेला एवढेच म्हणता येते: अठराव्या शतकात पश्चिम व उत्तर हिंदुस्थानात हा खेळ जैन आणि वैष्णव अशा दोन्ही घरांत रुजलेला होता. तो किती आधी जन्मला हे पटांवरून कळत नाही. ज्ञानेश्वरांचे नाव त्याला श्रद्धेने जोडले गेले असून समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. जैन मूळ असण्याचा संभव चांगला आहे, पण त्यावर शिक्का मारण्याजोगा कागद अजून मिळायचा आहे.

तो कागद एखाद्या मोठ्या संग्रहालयात निघण्यापेक्षा एखाद्या घराच्या माळ्यावर निघण्याचा संभव अधिक. दुर्दैवाने वाडे पाडताना, वाटण्या होताना अशा वस्तू भंगारवाल्याकडे किंवा जुन्या वस्तूंच्या दलालाकडे जातात. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. पण घराबाहेर जाण्यास बंदी नाही, आणि खरे नुकसान तेथेच होते. दलालाच्या हाती गेलेल्या पटाला किंमत राहते, पत्ता राहत नाही. कोणाच्या आजीने तो माहेरहून आणला, कोणत्या गावच्या यतीने लिहून दिला, घरात कोण कोणाशी खेळत असे, हे सांगणारे माणूस आणि पट एका छताखाली आहेत तोवरच ते लिहून ठेवता येते.

ज्ञानपंचमीला बासने उलगडली जातील तेव्हा एखादी घडी केलेली जाड कापडाची किंवा कागदाची चौकट हाती आली, तर प्रथम घरे मोजावीत, ७२ भरतात की ८४. मग चारही किनारी पाहाव्यात, मध्ये जोड आहे का ते पाहावे, आणि पट उलटा करावा. जुने लेखक आपले नाव, गाव आणि संवत बहुधा तळच्या ओळीत किंवा मागच्या बाजूस लिहीत. अक्षर पुसट असते, पण तिरप्या उजेडात धरले की दिसते.